दुधनीच्या पाण्याखालची विहीर

सिल्वासाहून परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "तिथं बघण्यासारखं काय आहे हो?" त्यांचं चुकलं नाही. आमची मुक्ता लग्न होऊन तिकडं गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण इतक्या वर्षांत मीही तिला कधी हे विचारलं नव्हतं. सिल्वासा म्हणजे कारखाने, तिथं जावई नोकरीला, तिथून लेक दिवाळीला येते, एवढीच आमची माहिती. दर वेळी तीच सांगलीला यायची. या वर्षी फेब्रुवारीत मात्र तिनं हट्ट धरला. "आई, बाबांना घेऊन ये. सई आता चौथीत आहे, आजोळ माहीत आहे तिला, पण आजोबा आमच्या घरी कधी आले नाहीत."

म्हणून गेलो. रेल्वेनं वापीपर्यंत, आणि तिथं आमचे जावई निलेशराव गाडी घेऊन उभे होते.

आमली

वापीच्या बाहेर रस्त्याकडेला धूर दिसला म्हणून ह्यांनी विचारलं, तर निलेशरावांनी गाडीच थांबवली. "मामा, हे चाखल्याशिवाय पुढं जायचं नाही." झोपडीवजा टपरी होती. मातीच्या मडक्यात पापडीच्या शेंगा, रताळी, कंद, छोटे बटाटे हिरव्या मसाल्यात घोळून ठासून भरलेले, तोंडाला पाला कोंबलेला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. याला तिकडं उंबाडियुं म्हणतात. मडकं उघडलं तसा जो वास आला, त्यानं प्रवासाचा शीण निम्मा गेला. तेल दिसत नाही कुठं, नुसती वाफ आणि ओव्याच्या पाल्यासारखा काहीतरी सुगंध. सोबत हिरवी चटणी आणि ताक. ह्यांनी दोन द्रोण खाल्ले आणि म्हणाले, "आपल्या हुरड्याची मजा आहे यात." ह्यांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ झालं.

मुक्ताचं घर सिल्वासातल्या आमलीत, चौथ्या मजल्यावर. खाली दुकानांची रांग, संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटली की रस्त्यावर इतकी माणसं की पाय ठेवायला जागा नाही. जिन्यात कुणी गुजराती बोलतं, कुणी भोजपुरी, कुणी ओडिया. निलेशराव मूळचे धुळ्याकडचे, नरोलीला धाग्याच्या कारखान्यात आहेत. त्यांचं मराठी खानदेशी, फोनवर हिंदी, आणि भाजीवाल्याशी गुजराती. सईचं तर तिन्हीचं मिश्रण. दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली, "आजी, भडंग लाव्या ने?"

"मराठीत बोल," मुक्ता म्हणाली.

"भडंग आणलं ना?"

आणलं होतं. पिशवी उघडून ती ह्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि खाता खाता म्हणाली, "आजोबा, मम्मी म्हणते तुम्ही सांगलीत सगळ्या मुलांना पोहायला शिकवलंत. मला पण शिकवा."

ह्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुडघे दुखतात गं बाळा."

मी स्वयंपाकघरात मुक्ताकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. लिफ्ट बंद होती म्हणून हेच दोन्ही बॅगा घेऊन चार मजले चढून आले होते.

वाचणाऱ्यांना हे सांगायला हवं. आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते. पण गल्लीत त्यांची ओळख वेगळी. पहाटे कृष्णेच्या घाटावर जायचं, पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचं, मग चहा. थंडी असो, पाऊस असो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली पोरं ह्यांच्या मागं असायची. पाठीला डबा बांधायचे, पाण्यात सोडायचे, आणि सुट्टी संपेपर्यंत डबा सुटलेला असायचा. मग तो महापूर आला. ज्या नदीत हे रोज उतरत होते ती आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढून वर आली. आम्ही माळ्यावर बसून होतो, खाली आमचीच भांडी तरंगताना ऐकू येत होती. शेवटी होडीतून काढलं आम्हाला. पाणी उतरल्यावर गाळ काढला, भिंती धुतल्या, रंग दिला. सगळं पूर्वीसारखं झालं, पण हे पुन्हा घाटावर गेले नाहीत. कुणी विचारलं की गुडघ्यांचं नाव सांगायचे. मी एकदाच खोदून विचारलं, तर म्हणाले, "मन होत नाही."

धरण

शनिवारी सकाळी निघालो. खानवेलकडं जाताना कारखाने मागं पडले आणि एकदम झाडी सुरू झाली. सागाची पानं गळून गेली होती, आणि त्या उघड्या रानात मध्येच पळस असा फुललेला की सई प्रत्येक झाडाला बोट दाखवत होती. आंब्यांना मोहोर होता. कौलारू घरांच्या कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या, अंगणं लख्ख. आमच्याकडं उसाच्या फडातून रस्ता जातो, डोळ्यांना हिरव्याची भिंत लागते. इथं डोंगरापर्यंत नजर जात होती.

मधुबन धरण आधी पाहायचं, मग तलावावर जायचं, असं निलेशरावांनी ठरवलं होतं. त्यांना वाटलं मामांना बांधकाम आवडेल. हे गाडीतून उतरले, दरवाजांकडं बराच वेळ पाहत राहिले आणि विचारलं, "पावसाळ्यात किती सोडतात?"

सांगलीच्या माणसाचा हा पहिला प्रश्न. आमच्याकडं पावसाळ्यात लोक एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, वरच्या धरणातून किती पाणी सोडलं ते विचारतात.

"आकडा नाही सांगता येणार, मामा," निलेशराव म्हणाले. "पण आमच्या कारखान्यात जुनी माणसं आहेत. ती सांगतात, पूर्वी दमणगंगा फुगली की खालच्या गावांना रात्र काढणं मुश्किल व्हायचं. आता आधी कळवतात, मग दरवाजे उघडतात. तरी नदीकाठी जीव मुठीतच असतो म्हणा."

"असणारच," हे म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मुक्तानं माझ्या कानात म्हटलं, "उगाच आणलं का गं बाबांना इकडं?" मलाही तसंच वाटत होतं.

दुधनी

वळणावळणाच्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर तलाव दिसला. धरणानं अडवलेलं पाणी डोंगरांच्या मधून मधून शिरलेलं, त्यामुळे एका नजरेत मावतच नाही. जिकडं पाहावं तिकडं पाण्याचं एक बोट डोंगराच्या कुशीत गेलेलं. टेकड्यांची टोकं बेटांसारखी वर आलेली. काठावर शिकारे उभे होते, रंगीत छत, फुलाफुलांच्या गाद्या, झालरी. सुरतेकडची कुटुंबं डबे घेऊन आली होती. कुणी फोटो काढत होतं, कुणी काठावरच्या टपरीवर तळलेल्या माशांची वाट पाहत होतं.

हे म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी बसतो इथं."

सईनं त्यांचा हात धरला. "आजोबा, तुम्ही नाही तर मी पण नाही."

तिनं खरंच काठावर बसकण मारली. शेवटी हे उठले आणि नावाड्यानं दिलेलं नारिंगी जॅकेट चढवून होडीच्या अगदी मध्यभागी बसले. जिथून पाण्याला हात लागणार नाही अशी जागा त्यांनी बरोबर शोधली.

नावाडी देवजी म्हणून तिशीतला माणूस होता. होडी सुटणार तेवढ्यात एक म्हातारी बाई डोक्यावर टोपली घेऊन आली आणि त्याच्याशी काहीतरी बोलली. त्यानं आम्हाला विचारलं, "साहेब, माझी मावशी आहे. पलीकडच्या पाड्यात राहते. बाजाराला आली होती. बसू देऊ का? आपण त्या बाजूनंच फिरणार."

"बसू दे की," मी म्हटलं. जमनाबाई माझ्या शेजारी बसली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, टोपलीत कांदे, मीठ आणि नातीसाठी घेतलेल्या बांगड्या. तिची वारली बोली आमच्या मराठीजवळची, थोडं गुजराती मिसळलेलं. पहिली दोन वाक्यं कानावरून गेली, मग कळायला लागलं.

होडी संथ चालली होती. देवजी सांगत होता, कुठल्या बेटावर बगळे बसतात, कुठं मासे जास्त. सई पाण्यात बोटं बुडवून बसली होती. मुक्तानं घरून ढोकळा आणला होता, तो जमनाबाईनंही घेतला. मी ह्यांच्याकडं पाहिलं, तर ते समोरच्या डोंगराकडं बघत होते.

पलीकडचा काठ जवळ आला तसा वारा उठला. छत फडफडायला लागलं. देवजीनं होडी वळवायला घेतली, पण छताला वारा लागून ती बाजूला सरकत गेली आणि अचानक खालून घर्र असा आवाज झाला. होडी थांबली. एका अंगाला कलली. सई किंचाळली, मुक्तानं तिला घट्ट धरलं.

"कशावर बसली?" निलेशरावांनी विचारलं.

जमनाबाईनं वाकून पाण्यात पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. "बावीवर," ती म्हणाली. मग मला कळावं म्हणून तिनं हातानं गोल करून दाखवलं. "बाव. पाण्याची विहीर. आमचे गावची."

मीही वाकून पाहिलं. गढुळल्या पाण्यात हातभर खाली दगडी बांधकामाचा काठ दिसत होता, शेवाळानं हिरवा झालेला.

"पाणी उतरलंय ना, म्हणून वर आली," देवजी म्हणाला. त्यानं बांबूनं रेटून पाहिलं, पण वारा होडीला पुन्हा तिथंच ढकलत होता आणि दर धक्क्याला ती जास्त कलत होती. "कुणीतरी उतरून ढकललं पाहिजे. मी उतरलो तर वल्हं कोण धरणार? फिरली तर कलंडेल."

निलेशराव उठले. त्यांना पोहता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मुक्तानं त्यांचा शर्ट धरला.

"निलेशराव, खाली बसा," हे म्हणाले. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मग जॅकेट सोडायला लागले.

"अहो, ते तरी राहू द्या," मी म्हटलं.

"यात वाकता येत नाही." शर्ट काढून ठेवला आणि होडीचा काठ धरून हळूच खाली उतरले. पायानं चाचपलं. "दगड लागला. पक्का आहे," ते देवजीला म्हणाले. गुडघाभर पाण्यात ते विहिरीच्या कठड्यावर उभे होते. एकीकडं विहीर, दुसरीकडं उतार. "मी म्हणेन तेव्हा वल्हं मार."

त्यांनी खांदा लावला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्या वेळी होडी खरवडत सरकली आणि एकदम मोकळी झाली. आम्ही हेलकावत पुढं गेलो आणि मी मागं वळून पाहिलं तर हे नव्हते. पाणी तेवढं हलत होतं.

ते किती वेळ दिसले नाहीत हे मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण चष्मा माझ्या मुठीत वाकला, तो अजून वाकडाच आहे. मग विहिरीच्या मधोमध त्यांचं डोकं वर आलं. त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं, एक मोठा श्वास घेतला आणि कठड्यावरून आमच्याकडं पोहायला लागले. तीच जुनी पद्धत, एका अंगावर, पाण्याचा आवाज न करता.

देवजीनं होडी थांबवली, हात पुढं केला. ह्यांनी तो धरला नाही.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "मी येतो."

आणि काठ लागेपर्यंत होडीच्या शेजारून पोहत आले. सई वाकून त्यांच्याशी बोलत होती आणि ते पाण्यातून उत्तरं देत होते.

पलीकडचा काठ

जमनाबाईचं घर काठापासून थोडं वर. तिनं ह्यांना मुलाची कोरडी लुंगी दिली, चुलीजवळ बसवलं. बिनदुधाचा गोड चहा झाला. मग नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. नागली म्हणजे आपली नाचणी. आम्ही नको नको म्हणत होतो, पण भाकरी ताटात पडल्यावर कुणी नको म्हटलं नाही. आमच्याकडं डाळीला कांदा-लसूण चटणीचा तवंग हवाच, इथं नुसतं मीठ, मिरची आणि लसूण. तरी मी दुसऱ्यांदा घेतली.

ह्यांनी तिला विहिरीचं विचारलं. ती सांगू लागली. ती लहान होती तेव्हा धरण झालं. पाणी एका रात्रीत आलं नाही, रोज थोडं थोडं चढत आलं. आधी देव वर नेला, मग गुरं, मग भांडी. तिच्या आईनं जाताना चूल सारवली होती.

"पाण्यात जाणारी चूल?" मुक्तानं विचारलं.

"तशीच कशी टाकायची?" जमनाबाई म्हणाली.

सईनं विचारलं, "तुमचं घर कुठं होतं?"

म्हातारी दारात उभी राहिली आणि तलावाकडं हात केला. दूर एक शिकारा चालला होता, त्यातल्या पोरी गाणी म्हणत होत्या. "तो लाल छताचा आहे ना, त्याचे खाली."

मग ह्यांनी आमच्या घरात आलेल्या पुराचं तिला सांगितलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते. माळ्यावर बसून खाली भांड्यांचा आवाज ऐकत होतो ते. गाळात काय काय सापडलं ते. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"मग, गेलं पाणी?" तिनं विचारलं.

"गेलं."

"आमचं राहिलं," ती म्हणाली.

"राग नाही येत?" ह्यांनी विचारलं.

तिनं चुलीत लाकूड सारलं. "तेव्हा आला होता. बापानं साहेबाला शिव्या दिल्या, साहेब काही बोलला नाही. आता मुलं मासे धरतात, हा देवजी माणसं फिरवतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही बाव बघायला जातो. पाण्यावर कोण किती रागावणार? रोज आंघोळीला तेच लागतं."

हे हसले. मग चहाचा दुसरा पेला मागून घेतला.

रविवार

दुसऱ्या दिवशी वणगंगेच्या बागेत जायचं ठरलं होतं. सकाळी उठून बघते तर हे कपडे करून तयार, सईच्या पिशवीत टॉवेल भरलेला. "दुधनीला जाऊ," म्हणाले. निलेशरावांनी एकही प्रश्न न विचारता गाडीची किल्ली घेतली.

शिकारे सुटतात तिथं पोहायला मनाई आहे, तसा फलक आहे. देवजीनं आम्हाला पुन्हा पलीकडं नेलं, या वेळी विहिरीला लांबून वळसा घालून. जमनाबाईच्या पाड्याखाली एक उथळ खाडीसारखी जागा आहे, तिथं बायका कपडे धुतात. तळ वाळूचा. ह्यांनी आधी स्वतः फिरून तळ तपासला, मग सईला घेतलं. जॅकेट घालून पाय मारायला लावले. मग पोटाखाली हात धरून. ती ओरडत होती, पाणी गिळत होती, तीन भाषांत तक्रार करत होती. ह्यांचा आवाज मात्र घाटावरचा होता. "मान वर नाही. पाणी तुला धरतंय, तू त्याला धरू नकोस."

मी आणि जमनाबाई दगडावर बसून बघत होतो. तिनं मला विचारलं, "तुला शिकवलं असेल त्यांनी."

"नाही," मी म्हटलं. "गल्लीतल्या सगळ्या पोरांना शिकवलं. मला कधी विचारलं नाही. मीही म्हटलं नाही. घाटावर बायका कपडे धुवायला यायच्या, पोहायला कोण येणार?"

"मला पण येत नाही," ती म्हणाली. "जन्म काठावर गेला."

आम्ही दोघी हसलो. ते ह्यांनी ऐकलं असावं. सईला मुक्ताच्या हाती देऊन ते काठाजवळ आले, पाण्यात कमरेइतके उभे राहिले आणि माझ्याकडं पाहिलं.

"येतेस?" त्यांनी विचारलं.

लग्नाला चाळीस वर्षं होत आली आमच्या. मी सलवार-कमीज घातला होता, प्रवासात सोयीचा म्हणून. आजूबाजूला कपडे धुणाऱ्या बायका थांबून पाहत होत्या. मुक्ता म्हणाली, "आई, जॅकेट घाल." ते घातलं, आणि जमनाबाईच्या हाताला धरून दगडावरून उतरले. पाणी गार होतं. पायाखाली वाळू सरकली तशी मी ह्यांचा दंड पकडला.

"आता पाठीवर झोप," ते म्हणाले. "डोकं माझ्या हातावर टाक. पूर्ण टाक."

"कान बुडतील."

"बुडू दे."

मी डोकं टाकलं. कानात पाणी शिरलं आणि काठावरच्या बायकांचं बोलणं, सईचं ओरडणं, सगळं एकदम थांबलं. वर नुसतं फेब्रुवारीचं आभाळ, त्यात एक घार. अंगाला वजनच राहिलं नाही. तेवढ्यात मला वाटलं आपण बुडतोय, आणि मी पाय झाडले, नाकातोंडात पाणी गेलं, खोकत उभी राहिले. केस सुटून तोंडावर आलेले. पाणी छातीइतकंच होतं. काठावर जमनाबाई पोट धरून हसत होती, आणि हेही हसत होते. मोठ्यानं, मान मागं टाकून.

मी केस मागं सारले, नाक पुसलं आणि त्यांचा हात पुन्हा माझ्या मानेखाली घेतला.

"पुन्हा," मी म्हटलं.